महाबळेश्वरचा एक दिवस, माणचं अख्खं वर्ष

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे, माण तालुक्याचं ठिकाण. दहिवडीला वर्षभरात साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला की लोक ‘यंदा बरं झालं’ म्हणतात. माणच्या माणसाला वर्षभर पुरवावा लागतो त्याहून जास्त पाऊस महाबळेश्वरवर एका दिवसात कोसळला. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातच. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांत डोंगर खचून घरं गाडली गेली.

पाऊस समाजाला कसा घडवतो हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. महाबळेश्वरहून निघून वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत म्हसवडला उतरलं की घराच्या छपरापासून जत्रेतल्या देवापर्यंत सगळं बदललेलं दिसतं. पुढे आटपाडी आणि जतपर्यंत गेलात तर बोलण्याची ढबसुद्धा बदलते. या सगळ्याच्या मुळाशी पाऊस आहे, पण एकटा पाऊस नाही. पडलेलं पाणी कुठे थांबतं, कुणाच्या रानात जातं आणि कोणत्या पिकाला लागतं, यानेही इथली माणसं तितकीच घडली आहेत. पाण्याचं व्यवस्थापन म्हणजे याच तीन प्रश्नांचं उत्तर. या भागाने ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळं दिलं.

ढग पुढे का सरकत नाहीत?

जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सोबत वाफ घेऊन येतो. कोकण ओलांडलं की समोर हजार-बाराशे मीटर उंच सह्याद्री उभा असतो, त्यामुळे वाऱ्याला वर चढावं लागतं. वर हवेचा दाब कमी असतो. तिथे हवा पसरते आणि पसरली की गार होते, दर हजार मीटरला साधारण सहा ते दहा अंशांनी. गार हवेत पहिल्याइतकी वाफ राहू शकत नाही. तिचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावरच पडतं. म्हणून महाबळेश्वरचा वर्षाचा आकडा साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो. पाटण तालुक्यातलं चांदोलीच्या जंगलाकडचं पाथरपुंज तर काही वर्षी महाबळेश्वरलाही मागे टाकतं.

माथा ओलांडला की वारा खाली उतरू लागतो. उतरताना दाबला जाऊन तापतो आणि तापलेली हवा वाफ सोडत नाही, उलट धरून ठेवते. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी पाऊस असतो, आणि खाली वाईत उतरलं की आकडा हजाराच्याही आत येतो. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, तो इथून सुरू होतो आणि सांगलीच्या जतपर्यंत पसरतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत जुलै-ऑगस्टमध्ये ढग नुसते डोक्यावरून पळतात. तिथला खरा पाऊस दोन हप्त्यांत येतो. मे महिन्यातला वळीव हा पहिला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा हा दुसरा आणि मोठा. त्यामुळे पाटणचा शेतकरी मृगाकडे डोळे लावतो, तर माणचा उत्तरा आणि हस्ताकडे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीवर जगणाऱ्या माणसालाच सुचू शकते. हा पाऊस गडगडाटी ढगांचा असतो. एका शिवाराला झोडपतो आणि शेजारच्या शिवाराला कोरडं ठेवतो. शिवाय पाऊस जितका कमी, तितका तो लहरी. सरासरी पाचशेची असली तरी एखाद्या वर्षी निम्माच पडतो, एखाद्या वर्षी दीडपट. शेती सरासरीवर होत नाही, त्या वर्षीच्या पावसावर होते. म्हणून दुष्काळी तालुक्यांबद्दल बोलताना नुसती सरासरी सांगणाऱ्या माणसावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

छपरं, मेंढरं आणि मुंबईची वाट

जावळी-पाटणकडे उतरती कौलारू छपरं. तिथे पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवत बांधायची रीत होती, नाहीतर मातीची भिंत चार महिने टिकायची नाही. माणदेशात मात्र जुनी घरं धाब्याची, सपाट मातीच्या छताची. पश्चिमेला भात, नाचणी, वरई. पूर्वेला शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. शाळू हे पीक म्हणून विलक्षण आहे. ऑक्टोबरच्या ओलीवर पेरलं की खोल काळ्या रानात साठलेल्या पाण्यावर आणि थंडीतल्या दवावर ते पुढचे महिने निघतं.

पिकांचा भरवसा नसला की माणूस जनावरांकडे वळतो, कारण जनावर पाण्यामागे चालू शकतं. माण, आटपाडी, जत हा खिलार बैलांचा आणि मेंढरांचा मुलूख झाला तो यामुळे. जतच्या माडग्याळची मेंढी प्रसिद्ध आहे. कवठेमहांकाळच्या आरेवाडीच्या बिरोबाला आणि म्हसवडच्या सिद्धनाथाला लोटणारी गर्दी याच मुलखाची. धनगरांचं वर्षही पावसाने आखलेलं असतं. पावसाळ्यात माळावर गवत असतं तेव्हा ते घरी असतात. दिवाळीच्या आसपास वाडा, म्हणजे कळपासह सगळा तळ, हलतो आणि मेंढरं कृष्णाकाठाला, कोकणात उतरतात. तिथला शेतकरी त्यांना रानात बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मृगाच्या आत परत फिरायचं, कारण घाटातल्या झडीत मेंढरांचे खूर सडतात. इथे कोरडा मुलूख आणि ओला मुलूख एकमेकांच्या गरजेवर जगत होते. त्या व्यवहाराला कुणी पाणी व्यवस्थापन म्हटलं नाही, पण पाण्याजवळ जाऊन राहणं हीसुद्धा पाणी वापरायची एक पद्धत आहे.

ज्यांच्याकडे कळप नव्हता ते माणूसबळ घेऊन बाहेर पडले. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. तामिळनाडू-केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजारात सांगलीकडचं मराठी कानावर पडतं ते त्यामुळे. जतचे लोक ऊसतोडीला कृष्णाकाठी येतात.

दुसरीकडे, मुंबईच्या गिरण्यांत आणि नंतर माथाडीत गेलेली सातारची माणसं मोठ्या संख्येने जावळी-पाटणची, म्हणजे धो-धो पावसाच्या तालुक्यांची. तिथे पाणी पडतं, पण उतारावरची माती पातळ आणि जमिनीचे तुकडे लहान. जास्त पावसाने माती वाहून नेली आणि कमी पावसाने पीक नेलं. दोन्हीकडची माणसं एकाच व्हीटी स्टेशनावर उतरली. एप्रिल-मे महिन्यात जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतात, हेही बाहेरच्यांना पटत नाही. तीव्र उतारावर पडलेलं पाणी काही तासांत ओढ्यात आणि काही दिवसांत कोयनेत जातं. वर राहणाऱ्या बाईला मे महिन्यात त्याचा काही उपयोग नसतो.

तरीही पाऊस म्हणजे नशीब नव्हे

इथे एक शंका घेतली पाहिजे. पावसाने सगळं ठरवलं असतं तर फलटण आणि माण सारखे दिसायला हवे होते. दोन्ही तालुके शेजारी, मधे महादेवाच्या डोंगररांगा. पाऊसमानही जवळपास तेवढंच, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फलटणला पोहोचलं. तिथे ऊस आला, साखर कारखाने आले, बाजारपेठ मोठी झाली. माण त्याच पावसावर राहिला आणि दुष्काळी म्हणून ओळखला गेला. फरक कालव्याचा आहे. आणि कालवा कुठून काढायचा हा निर्णय माणसं घेतात.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावाचं काम दुष्काळी मजुरांकडून सुरू झालं. तलाव आजही आहे. त्या काळी दुष्काळात सरकारने काम द्यावं ही मेहेरबानी होती. पुढे तो हक्क झाला, आणि त्यात सांगली जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिचे पहिले प्रयोग याच भागात झाले. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं कामावर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून. २००५ मध्ये देशभर जो रोजगार हमी कायदा आला त्याचं मूळ इथे आहे. पावसाच्या लहरीपणावर या मातीतून निघालेलं हे उत्तर धरणाइतकंच मोठं आहे, असं मला वाटतं. धरणं मात्र जास्त दिसतात.

कोयनेचं पाणी दोन दिशांना

कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. हे पाणी मुख्यतः डोंगर पोखरून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडलं जातं. सह्याद्रीची उंची वीजनिर्मितीला मिळते आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवलेल्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घालून दिली.

उरलेलं पाणी पूर्वेला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडे जातं. तिथे पुन्हा वीज लागते, कारण दुष्काळी तालुके नदीपेक्षा उंच आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेतून पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे नेतात. पश्चिमेला पाणी पाडून वीज करायची आणि पूर्वेला वीज जाळून पाणी चढवायचं. यात थट्टा नाही. त्या काळी मुंबईला वीज हवी होती, आज जतला पाणी हवंय. पण पाण्याचं राजकारण किती गुंतागुंतीचं असतं ते यावरून कळावं.

धरण असलं की पूर येत नाही, हा समज सांगलीने तीनदा खोडला: २००५, २०१९ आणि २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कारणं एकात एक अडकलेली आहेत. सांगलीपाशी नदीचा उतार फार कमी आहे. जवळच हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. सगळ्या नद्या एकाच वेळी भरल्या की पुढचं पाणी मागच्याला वाट देत नाही आणि फुगवटा मागे शहरात शिरतो. धरण सांभाळणाऱ्यांपुढे पेच असतो. ऑगस्टपर्यंत धरण भरलं नाही तर उन्हाळा कोरडा, आणि लवकर भरलं तर नंतर आलेल्या मोठ्या पावसाला जागा नाही. पूररेषेचे नकाशे आहेत. सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. त्या रेषांच्या आत काय बांधलं गेलंय ते नदीकाठी एक चक्कर मारली तरी कळतं.

२०१९ मध्ये सांगली पाण्यात असताना त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. आणि त्याआधी तीन वर्षं, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत कृष्णेचं पाणी भरून लातूरला पाठवलं गेलं होतं. तेव्हाही जतला टंचाई होतीच. पाणी जवळ असणं आणि मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

एका गावाचा ताळेबंद

आता थोडा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

समजा, माणमधलं एक गाव आहे. शिवार १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, लहानमोठी जनावरं दीड हजार, पाऊस ४५० मिलिमीटर. शिवारावर पडलेलं पाणी होतं ४५० कोटी लिटर. माणसाला रोज ५५ लिटर धरले तर गावाला वर्षाला चार कोटी लिटर लागतात. जनावरांना सरासरी पन्नास लिटर धरले तर आणखी पावणेतीन कोटी. एकूण सात कोटींच्या आत, म्हणजे पडलेल्या पावसाच्या दीड टक्का. ज्या गावाला टँकर लागतो, त्या गावावर त्याच्या प्यायच्या गरजेच्या साठ-पासष्ट पट पाऊस पडलेला असतो.

मग ते पाणी जातं कुठे? बरंचसं वाफ होऊन उडतं आणि पिकं-गवत पितात, काही ओढ्याने वाहून जातं. जमिनीत मुरणारा वाटा आपल्याकडे छोटा असतो, कारण खाली काळा कातळ आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर साचून तयार झालेला हा दगड आतून घट्ट आहे. पाणी राहतं ते फक्त वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. साधारण दहा टक्के मुरलं असं धरलं तर आपल्या गावाच्या भूगर्भात दरवर्षी ४५ कोटी लिटरची भर पडते. त्यातून माणसं-जनावरांचे सात कोटी काढले की शेतीला उरतात ३८ कोटी.

या ३८ कोटींत काय पिकेल? उसाला पूर्ण हंगामात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एका एकराला ८१ लाख लिटर. म्हणजे गावातल्या अडीच हजार एकरांपैकी जेमतेम ४७ एकर ऊस. पाच-सहा शेतकऱ्यांनी खोल बोअर मारून तो लावला की बाकीच्या विहिरी फेब्रुवारीत तळ गाठणार. तेच पाणी शाळवाला दोन संरक्षित पाळ्या म्हणून, म्हणजे पीक वाचवण्यापुरतं दोनदा, दिलं, दोन मिळून दीडशे मिलिमीटर, तर एका एकराला सहा लाख लिटर पुरतात आणि सहाशेहून अधिक एकर भिजतात. ठिबकवरचं डाळिंब यांच्या मधे कुठेतरी बसतं. हे आकडे गोल आहेत, मातीगणिक बदलतील, आणि मुरलेलं सगळं पाणी उपसताही येत नाही. पण प्रमाण हेच राहील. एका एकर उसाच्या पाण्यात चारशे माणसं वर्षभर पाणी पितील.

म्हणून ‘आमच्या गावाला पाऊस कमी’ या वाक्यानंतर लगेच ‘आमच्या गावात पीक कोणतं’ हा प्रश्न यायला हवा. तो विचारणं अवघड आहे, कारण उसाला हमखास दर आणि उचलणारा कारखाना आहे, मटकीला यातलं काहीच नाही. शेतकरी मूर्ख नसतो. त्याला पाण्यापेक्षा पैशाची शाश्वती जवळची वाटते आणि ती त्याला उसातच दिसते.

खोल बोअरबद्दलही सांगायला हवं. सातशे-आठशे फुटांवर लागणारं पाणी हे यंदाच्या पावसाचं नसतं. ते वर्षानुवर्षं भेगांत साठलेलं असतं आणि एकदा उपसलं की आपल्या हयातीत भरून येईलच असं नाही. उथळ विहीर एका चांगल्या पावसाळ्यात भरते, म्हणून गावाचं आरोग्य विहिरीच्या पातळीवरून बघावं, बोअरच्या धारेवरून नाही.

चर, बंधारे आणि एक मोठी पळवाट

पडलेलं पाणी जास्त वेळ शिवारात थांबवणं हा ताळेबंदातला जमेचा भाग. नियम एकच: माथ्यापासून पायथ्याकडे काम करत यायचं. डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून खणलेल्या लांब नाल्या, मग घळीत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यावर माती किंवा सिमेंटचे नालाबांध, शेवटी तलाव. वरचं काम न करता थेट ओढ्यात बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. सरकारी योजनांत हे उलट क्रमाने पुष्कळदा घडतं, कारण बंधारा फोटोत चांगला दिसतो आणि ठेकेदाराला परवडतो.

श्रमदानाची चळवळ इथे जोरात झाली. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि २०१८ मध्ये माणमधली टाकेवाडी. माणचंच लोधवडे आणि खटावचं निढळ ही गावं त्याच्याही आधीपासून या कामासाठी ओळखली जातात. या गावांत पाणी अडलं, विहिरी वर आल्या, हे खरं आहे. पण जमा वाढली की खर्चही वाढतो. पाणी आलं म्हणून बागायत वाढली, बागायत वाढली म्हणून पुन्हा बोअर पडले, आणि पुढच्या कमी पावसाच्या वर्षी गाव जिथे होतं तिथेच. हे अनेक ठिकाणी झालंय. श्रमदानाला हजार माणसं येतात. पीक कोणतं घ्यायचं यावर नियम करायची ग्रामसभा असेल तर शंभरही येत नाहीत.

पळवाट म्हणजे शेततळं. कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्लास्टिक कागद अंथरून त्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून भरलं जातं. सावलीत, जमिनीखाली असलेलं सामाईक पाणी वर आणून उन्हात एकट्याच्या तळ्यात ठेवायचं. उघड्या पाण्यावरून आपल्या हवेत वर्षाला दीड मीटरहून जास्त थर वाफ होऊन उडतो. डाळिंब-द्राक्षवाल्याची गरज मी समजू शकतो, उन्हाळ्यात बाग मेली तर पाच वर्षांची कमाई जाते. पण गावाच्या हिशोबात ही उघड उघड तूट आहे.

छतावरचा पाऊस मात्र दुर्लक्षित राहतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ४५० मिलिमीटर पावसात जवळपास ४२ हजार लिटर पडतात. पाचवा भाग वाया गेला असं धरलं तरी ३३ हजार उरतात, आणि पाच माणसांच्या घराला रोज ५५ लिटरच्या हिशोबाने ते चार महिने पुरतात. ऐन टंचाईच्या दिवसांत डोंगरावरच्या वाडीला याच्याइतकं स्वस्त पाणी दुसरं नाही, फक्त टाकीचा खर्च कुणीतरी उचलायला हवा.

बाहेरून आलेलं पाणी

टेंभू-म्हैसाळचं पाणी आल्यावर दुष्काळी पट्ट्याचं चित्र बदललं, यात वाद नाही. ज्या ओढ्यात वाळू होती तिथे पाणी दिसतं आहे, बाहेर गेलेली काही माणसं परतली आहेत. पण या पाण्याची किंमत वेगळी आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला पंपाचे तोटे धरून साधारण ०.४ युनिट वीज लागते. एक एकर ऊस या पाण्यावर घेतला तर दर शंभर मीटर चढावाला तीन हजारांहून जास्त युनिट. वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्याने, असं ठरलं आहे, तरी थकबाकी आणि बंद पडलेलं आवर्तन, म्हणजे पाळीपाळीने सुटणारं पाणी, हे विषय संपत नाहीत.

कृष्णाकाठचा धडाही समोर आहे. वाळवा, पलूस, मिरज भागात वर्षानुवर्षं पाटाने भरपूर पाणी देऊन काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. पाण्याची पातळी वर आली, बाष्पीभवनाने मीठ वर उरलं आणि रान पांढरं पडलं. आता तिथे लाखो रुपये खर्चून जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालावे लागतात. आटपाडीने पाटपाण्याची तीच पद्धत उचलायची काही गरज नाही.

वाटणीचा प्रश्न इथल्या चळवळीने लवकर ओळखला. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभं केलं. खर्चासाठी पैसा नदीतली थोडी वाळू विकून आणि श्रमातून उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या मापावर न ठेवता भूमिहीनांसह सगळ्यांना सारखा द्यायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट होती. तिथून पुढे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरल्या आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी आली. टेंभूचं पाणी उघड्या कालव्याऐवजी बंदिस्त पाइपने, मोजून, प्रत्येक कुटुंबाला द्यायचं, हा त्याचा सरकारने मान्य केलेला अवतार. बंद पाइपमुळे गळती आणि बाष्पीभवन वाचतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कालव्याच्या तोंडावरचा माणूस शेपटाच्या माणसाचं पाणी सहज पळवू शकत नाही. जतच्या पूर्व भागातला शेतकरी कायम शेपटावर राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांचा विषय काढला तेव्हा राज्यभर संताप झाला, पण त्या गावांनी आधी ठराव केले होते ते भाषेपेक्षा पाण्यासाठी होते.

ज्या गावाला स्वतःचा हिशोब मांडून बघायचा आहे त्याने हस्त-चित्रा संपल्यावर, रब्बीची पेरणी पूर्ण व्हायच्या आत बसावं. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर पर्जन्यमापक असला की पावसाचा आकडा मिळतो. ओढ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी निवडून दोरीने पातळी मोजायची आणि मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडायची. मग माणसं आणि जनावरं आधी वजा करायची, उरलेल्यात किती एकर काय बसतं ते फळ्यावर लिहायचं. टेंभू किंवा उरमोडी धरणाचं आवर्तन मिळण्याची शक्यता असेल तर ते त्या हिशोबात धरायचं नाही, आलं तर विहिरी आणि तलाव भरायला वापरायचं. चाळीस-पन्नास जणांना दोन तास पुरतात. बोअरवाले बहुधा येत नाहीत, त्यांना बोलवायला घरी जावं लागतं.